परीक्षणं, मुलाखती आणि मारुतीच्या छातीपर्यंतचं पाणी

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या वर्षी माझा दुसरा कथासंग्रह आला. नाव देत नाही, इथलं जाहिरातीचं धोरण माहीत आहे. आवृत्ती पाचशे प्रतींची, त्यातल्या साठेक अजून आमच्या दिवाणाखाली आहेत. पहिल्या संग्रहावर कुणी चार ओळीही लिहिल्या नव्हत्या. तेव्हा वाटायचं, शिव्या तरी घाला कुणीतरी. या वेळी चार परीक्षणं आली, तीन मुलाखती झाल्या, आणि मी रात्री जागून तक्रारी लिहितेय. माणसाचं काही खरं नाही.

तर आधी मारुती.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. नाशिकला रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण जुन्या नाशकात क्युसेक कुणी विचारत नाही. "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" एवढंच विचारतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गळ्याशी आलं की सराफ बाजारातली, भांडी बाजारातली दुकानं माल वर चढवायला लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तो बुडालाच होता.

माझ्या एका कथेत सासू अंथरुणाला खिळलेली आहे. ती दर तासाला सुनेला विचारते, मारुतीच्या कुठपर्यंत आलं. सून पुलापर्यंत जाऊन बघून येते आणि दर वेळी एक टप्पा कमी सांगते. म्हातारीने घाबरू नये म्हणून. कथा एवढीच. परीक्षणात आलं: 'दुतोंड्या मारुती हे सुनेच्या दुटप्पी वर्तनाचे प्रतीक होय.'

हे मी सावानाच्या, म्हणजे आमच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी उभ्याउभ्या वाचलं. शेजारी एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. मी बहुतेक मोठ्याने हसले, कारण त्यांनी चष्म्यावरून बघितलं. घरी पोचेपर्यंत हसू गेलं. सून खरंच दोन तोंडांनी बोलतेय की. पुलावर एक आकडा, घरात दुसरा. लिहिताना मला हे दिसलं नव्हतं, आणि आता काही केल्या डोक्यातून जात नाही. परीक्षकाला सापडलं म्हणून मी चिडलेय की मला सापडलं नाही म्हणून, देव जाणे.

दुसरं मात्र अजिबात गळी उतरलेलं नाही.

शेवटची, सगळ्यात मोठी कथा द्राक्षबागेतली. माझं आजोळ दिंडोरीकडचं. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, बागेच्या कडेलाच संसार मांडतात. कथेतला मुकादम रोज पिणारा. घटस्थापनेला छाटणी होते, डोळ्यांना पेस्ट लावून होते, आणि त्या रात्री मुकादम पुढे आलेला ग्लास हाताने बाजूला सारतो. त्यावर परीक्षणात वाक्य आहे: 'नवरात्रातील आदिशक्तीच्या जागराने मुकादमात घडलेले परिवर्तन काहीसे अचानक वाटते.'

अहो, परिवर्तन कसलं! पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, फूट लवकर निघावी म्हणून लावायचं औषध. ती अंगावर असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. बागेतल्या पोरासोरांना हे ठाऊक असतं. मुकादम थोड्या दिवसांनी पुन्हा पिणारच आहे, आणि कथेत जे घडतं ते तो पुन्हा पितो त्या रात्री घडतं. सगळी कथा ज्या खुंटीला टांगली होती, ती खुंटीच परीक्षकाने उपटून देवघरात ठेवून दिली.

आता मुलाखती. पहिला प्रश्न ठरलेला: "कुसुमाग्रजांच्या नाशिकमधून लिहिताना दडपण येतं का?" येतं हो. २७ फेब्रुवारीला तर फारच येतं. पण "बाबूराव बागूलांच्या नाशिकमधून लिहिताना" असं अजून एकानेही विचारलेलं नाही. १९६३ साली ज्यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं, ते या मातीतले, इथेच गेले. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

दुसरा प्रश्न: "घर सांभाळून कसं लिहिता?" यावर मी आता फक्त हसते. तिसरा: "हे तुमच्याच आयुष्यातलं ना?"

हा तिसरा महागात पडला. एका पोर्टलवरच्या मुलाला मी भाबडेपणाने सांगितलं की पूर आम्हीही बघितलाय आणि सासूबाई तेव्हा आजारी होत्या. व्हिडिओ आला, त्यावर लाल ठसठशीत अक्षरं: 'सासूशी खोटं बोलले! नाशिकच्या लेखिकेची कबुली'. तो सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला. दुपारी मेथी निवडताना त्या एकदम म्हणाल्या, "खरं कुठपर्यंत आलं होतं गं तेव्हा?" मी सांगितलं, बुडाला होता. एक काडी मोडली, पानं ताटात टाकली आणि म्हणाल्या, "मला कमरेपर्यंत सांगितलंस." पुढे काहीच बोलल्या नाहीत.

थोडं कौतुकाचंही सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. द्राक्षाच्या कथेतली एक ओळ चारपैकी तीन परीक्षणांत जशीच्या तशी आली आहे, एका मुलाखतीत तर मोठ्याने वाचून दाखवली. लेक भाऊबीजेला माहेरी येते, पहाटे एकटीच बागेत जाते: 'मण्यांत पाणी उतरलं होतं. गोडीला आता किती दिवस, हे कुणी सांगायला नको होतं.' मलाही ती ओळ आवडते, खोटं कशाला बोलू.

तर प्रश्न असा की लेखकाने परीक्षणाला उत्तर द्यावं का? मुकादमाचा खुलासा करणारं पत्र मी लिहून ठेवलंय. पाठवू?

---

चष्मेबद्दूर | शनिवार, रात्री ११:२०

मेथी निवडतानाचा प्रसंग फार आवडला. पत्र पाठवू नका. पाठवलंत की पुढच्या रविवारी परीक्षकाचा खुलासा, त्याच्या पुढच्या रविवारी तुमचा प्रतिखुलासा, पुस्तक राहिलं बाजूला. जी. ए. कुलकर्णी मुलाखतीच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. काही बिघडलं का?

मधल्या_सुट्टीत | शनिवार, रात्री ११:४२

जी. एं.चं उदाहरण नको. मुलाखती टाळल्या असतील, पण पत्रं केवढी लिहिली! खंडच्या खंड निघाले. ज्याला बोलायचं असतं तो कुठून तरी बोलतोच. ताई, खुशाल पाठवा.

स्पष्टवक्ता_७७ | रविवार, रात्री १२:०५

पाचशे प्रती आणि केवढा तो धुरळा.

परदेशस्थ_पंचवटीकर | रविवार, रात्री १२:३०

'डोळ्यांना पेस्ट लावून होते' वाचून मी दचकलो! कुणाच्या डोळ्यांना, म्हणून दोनदा मागे जाऊन वाचलं. काडीवर जिथून फूट निघते तेही डोळेच, हे नंतर गूगलवर कळलं. मी जन्माने पंचवटीचा, द्राक्षं फक्त खाल्ली. माझी ही गत, तर चंद्रपूरच्या वाचकाने काय करायचं? पुस्तकात कुठे सांगितलंय का?

अवांतर: पावसाळ्यात आई फोनवर तब्येतीच्या आधी मारुतीची पातळी सांगते.

गोदाकाठची | रविवार, रात्री १२:४८

@परदेशस्थ, नाही सांगितलं. कथेला तळटीप कशी देणार? बागेतली माणसं एकमेकांना बागेतल्या गोष्टी समजावत बसत नाहीत. तसं लिहिलं की कृषिप्रदर्शनाच्या माहितीपत्रकासारखं वाटतं.

अर्धविराम | रविवार, सकाळी ९:०५

गप्प राहणार होतो, पण रात्रभर चैन पडली नाही. मुकादमाचं परिवर्तन घडवणारा परीक्षक मीच. (मारुतीवाला मी नव्हे.)

आधी माझी बाजू. सहाशे शब्द, हातात चार दिवस, मानधनात दोघांची मिसळ होते, तिसरा आला तर पाव वाटून खावा लागतो. तरी तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलं. आता समोर घेऊनच बसलोय. त्या प्रसंगात तीन वाक्यं आहेत. पेस्ट लावून झाली. ग्लास पुढे आला. त्याने तो बाजूला सारला. यात कारण कुठे आहे? पेस्ट हा शब्द आहे, कबूल, पण बागेत दिवसभर वीस कामं चालतात, त्यातलं ते एक. नवरात्र मात्र तुम्ही दीड पान लिहिलंय. घट, माळा, अखंड दिवा, वर टांगलेला करंज्या-कडाकण्यांचा फुलोरा, त्या कुणी तळल्या तेही. वाचकाला बोट धरून देवीसमोर नेऊन बसवलंत आणि आता म्हणता उत्तर औषधाच्या डब्यावर होतं.

पत्र पाठवलंत तर मी उलट उत्तर देणार नाही. पण ते छापलं गेलं तर वाचणारा हेच विचारेल.

चष्मेबद्दूर | रविवार, सकाळी ९:३१

अर्धविराम, दाद द्यायला हवी. आजकाल 'तो परीक्षक मीच' म्हणून पुढे कोण येतं?

टेपरेकॉर्डर | रविवार, दुपारी १:१५

मी पेशाने मुलाखती घेणारा, म्हणून मुलाखतवाल्यांच्या वतीने दोन शब्द. मथळा आम्ही देत नाही हो. ज्याने पुस्तक बघितलेलंही नसतं असा माणूस देतो, आणि तो कुठल्या मथळ्यावर किती बोटं पडतात ते बघून देतो. आम्हाला पुस्तक बरेचदा आदल्या संध्याकाळी मिळतं. मग मलपृष्ठ, मनोगत आणि मधलं एक पान वाचून जातो. 'घर सांभाळून' हा प्रश्न तिथूनच येतो. त्याला पुस्तक वाचावं लागत नाही.

लेखकही काही कमी नसतात. प्रेरणा विचारली की तासभर बालपण. तुम्ही एक करा. मुलाखतीला जाताना खाडाखोड केलेलं एखादं पान सोबत न्या आणि स्वतःच टेबलावर ठेवा. एका कादंबरीकाराने माझ्यासमोर असं पान ठेवलं होतं. एक परिच्छेद त्यांनी अकरा वेळा लिहिला होता. आम्ही चाळीस मिनिटं त्या एका परिच्छेदावर बोललो, माझी आजवरची सगळ्यात चांगली मुलाखत. सगळ्यात कमी लोकांनी बघितलेलीही तीच, हे लपवत नाही.

मधल्या_सुट्टीत | रविवार, दुपारी १:४०

टेपरेकॉर्डर, सासूबाईंची माफी कोण मागणार ते बोला.

टेपरेकॉर्डर | रविवार, दुपारी १:५२

मागितली असती, पण त्याचाही मथळा होईल.

चष्मेबद्दूर | रविवार, दुपारी २:१०

मुलाखती दिल्याच पाहिजेत असं मला अजूनही वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला आडगावात ९४वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. वाईट वाटलंच, पण मी पुस्तकांच्या गाळ्यांवरून दोन पिशव्या भरून आणल्या, त्यात त्यांचीही होती. वाचायला लेखक समोर लागत नाही.

गोदाकाठची | रविवार, संध्याकाळी ६:२०

@अर्धविराम, सकाळपासून उत्तर शोधतेय. आधी वाटलं होतं की ठणकावून सांगू. मग पुस्तक काढून नवरात्राचा भाग मोजला. दीड नाही, पावणेदोन पानं आहेत. आजी फुलोरा कशी बांधायची ते आठवत गेलं आणि मी लिहीत गेले. करंजीला दोरा कसा ओवायचा म्हणजे तुटत नाही, तेसुद्धा लिहिलंय. कथेला त्याची काही गरज नव्हती, मला होती.

आणि पेस्टचं कारण एका वाक्यात बसलं असतं. टोळीतली एखादी म्हातारी नुसतं म्हणाली असती, "हात धुतले तरी आज घेऊ नको रे." माहितीपत्रक झालं नसतं. पत्र फाडलं.

बागवाला_निफाड | रविवार, रात्री ८:१५

ताई, राग मानू नका. मी लिहिणारा माणूस नाही. पुस्तक मुलीने आणलं, तिने सांगितलं म्हणून शेवटची गोष्ट वाचली. मुकादम शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं पेस्टच्या दिवशी मी स्वतः सगळ्यांना बजावतो, आज कुणी घेऊ नका. एका वर्षी एकाने ऐकलं नाही, रात्री दवाखाना गाठला.

पण ती पाणी उतरल्याची, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायला लागल्याची ओळ चूक आहे. घटस्थापनेला छाटणी आणि भाऊबीजेला मण्यात पाणी? मधे महिनाच जातो ओ. थॉमसन जातीला पाणी उतरायला छाटणीपासून सत्तर-ऐंशी दिवस धरा, थंडी पडली तर अजून वर. म्हणजे नाताळ आला. भाऊबीजेला बागेत मणीच नसतो. बारीक घड असतो, पोपटी, फुलोरा सुरू झाला तर झाला.

तीन जणांनी ती ओळ छापली म्हणता, एकालाही कळलं नाही? द्राक्षं खाता ना सगळे?

अर्धविराम | रविवार, रात्री ८:३३

त्या तिघांतला एक मी. 'अस्सल मातीतून उगवलेली ओळ' असं लिहिलंय. आता कुठे तोंड लपवू?

चष्मेबद्दूर | रविवार, रात्री ८:४०

कविस्वातंत्र्य म्हणून सोडून द्या की दादा. गोष्ट आहे ती, कृषिदैनंदिनी नाही.

बागवाला_निफाड | रविवार, रात्री ८:५८

सोडतो की. पण मग मुकादमाच्या वेळी औषधाचं नाव घेऊन परीक्षकाला झोडलं ते का? तिथं बाग खरी पायजे आणि इथं नको?

मधल्या_सुट्टीत | रविवार, रात्री ९:०१

😶

गोदाकाठची | रविवार, रात्री ११:३०

बागवाले दादा, बरोबर धरलंत.

जेवण झाल्यापासून त्याच ओळीशी बसलेय. चूक कशी झाली ते आठवलं. 'पाणी उतरलं' हे मामा म्हणायचे. कानाला इतकं गोड लागायचं की मी ते उचललं, पण मामा ते कधी म्हणायचे याचा विचार केला नाही. आजोळी मी दिवाळीतही जायचे आणि नाताळच्या सुट्टीतही. लहानपणाच्या दोन सुट्ट्या डोक्यात एक होऊन बसल्या आहेत. छाटणी आणि पेस्टचं काम मी मोठेपणी जाऊन, टोळीबरोबर बसून बघितलं होतं, म्हणून ते चुकलं नाही. हे मात्र आठवणीवर भरवसा ठेवून लिहिलं.

छाटणी मागे घेता येत नाही, नवरात्र जातं. भाऊबीज पुढे ढकलता येत नाही, कारण तिला ओवाळायला भाऊच राहिलेला नाही आणि तरी ती येते. म्हणजे ओळच जाणार. तीन परीक्षणांत छापून आलेली एकुलती एक ओळ! आज मला मारुतीवाल्या परीक्षकाचाही राग उरलेला नाही. त्याने निदान काहीतरी शोधलं, बाकीच्यांनी माझी चूक सुंदर आहे म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मीही मजेत ऐकल्या.

एक विचारू? फुलोऱ्याला वास असतो?

बागवाला_निफाड | रविवार, रात्री ११:४४

असतो. सकाळी दव असताना, वारं पडलेलं असलं तर. मोगऱ्यासारखा नाही, एकदम हलका. नवीन माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. फुलाला पाकळ्या नसतात, हिरवी टोपी असते, ती निघून पडते. घड हातात धरला तर तळहातावर भुकटीसारख्या पडतात.

पण त्या दिवसांत आम्ही बागेत वास घेत फिरत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ होते, कूज होते, वर्ष गेलं. त्यामुळे सगळे आभाळाकडं बघत असतात. तुमची ती लेक बागेत जाऊन घडाकडं बघत उभी राहते ना, तिच्या बापाने वर बघायला पाहिजे.

परदेशस्थ_पंचवटीकर | रविवार, रात्री ११:५०

हे वाक्य पुस्तकात नाही, प्रतिसादात मिळालं. व्वा!

मधल्या_सुट्टीत | रविवार, रात्री ११:५३

अहो थांबा. देवीचा फुलोरा पण त्याच कथेत आहे ना? पावणेदोन पानं?

गोदाकाठची | सोमवार, रात्री १२:०२

आहे. मी खुर्चीतून उठलेच ते वाचून. दिवाणाखालची एक प्रत काढलीय, पेन्सिल सापडत नाहीये, मुलाचं दप्तर उपसतेय.

@अर्धविराम, पावणेदोन पानांतलं किती ठेवायचं ते तुम्ही सांगाल का? करंजीचा दोरा मी आताच कापलाय.

बागवाले दादा, टोप्या आपोआप पडतात की हात लागला की?

अर्धविराम | सोमवार, रात्री १२:०९

दोरा कापू नका. आता तोच राहू दे, बाकीचं काढा.

बागवाला_निफाड | सोमवार, पहाटे ५:१०

दोन्ही. उन्हं वर यायला लागली की आपोआप गळायला लागतात, हात लागला की जास्त. आत्ता उन्हाळ्यातल्या खरड छाटणीचे दिवस आहेत, दाखवायला काही नाही. दिवाळीला या. गाडी ओझरच्या पुढं आली की फोन करा, रस्ता सांगतो.